प्रमिला सिस्टरची एकच बॅटरी

प्रमिला सिस्टर चांगल्या नर्स होत्या की नव्हत्या, हे मला आजवर तीनदा विचारलं गेलं. एकदा चौकशीला आलेल्या साहेबांनी, एकदा त्यांच्या जागी आलेल्या नव्या सिस्टरने, आणि एकदा माझ्या बायकोने. तिन्ही वेळा मी वेगळं उत्तर दिलं. खोटं एकदाही बोललो नाही, तरी वेगळं. म्हणून आता लिहायला बसलो आहे. लिहिता लिहिता काही स्पष्ट होईल असं वाटतं, पण खात्री देत नाही.

मी आरोग्य सेवक म्हणून नोकरीला लागलो तो कापसाच्या पडत्या वर्षांचा काळ होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए. केलं, मग आरोग्य सेवकाचा कोर्स केला, आणि दारव्हा-नेर रस्त्यावरच्या एका फाट्यापासून चार किलोमीटर आत असलेल्या उपकेंद्रावर रुजू झालो. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. एक तपासणीची, दुसरी सिस्टरच्या राहण्याची. तपासणीच्या खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यासमोर कडुलिंबाचं मोठं झाड. लाइट निम्मा दिवस नसायची. भर दुपारी त्या खोलीत माणसाचा चेहरा दिसायचा, पण चेहऱ्यावर काय आहे ते दिसायचं नाही.

मी रुजू व्हायचा कागद पुढे केला तेव्हा सिस्टर कुणाच्या तरी घशात पाहत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "टेबलावर ठेवा. अन् ते खुंटीवरले डबे, रजिस्टर, खुर्ची, सगळं तुमचंच समजा. ह्या बॅटरीले मात्र हात लावायचा नाही."

हे आमचं पहिलं बोलणं.

सिस्टर पन्नाशीच्या होत्या. बुटक्या, चालायला मात्र अशा की चार किलोमीटर फाट्यापर्यंत त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे मला अधूनमधून पळावं लागे. गावातली सगळी माणसं त्यांना 'बाई' म्हणत. मी 'सिस्टर' म्हणे. त्या मला दुसऱ्या दिवसापासून 'बी.ए.' म्हणू लागल्या. "ओ बी.ए., चहा ठेवा." "काहो बी.ए., तुमच्या कॉलेजात झाडू मारायचा पेपर नव्हता का?" राग यावा असं त्यात काही नव्हतं. उलट, माझी पदवी रोज कुणीतरी मोठ्याने उच्चारतं आहे याचं मला आतून बरंच वाटायचं.

त्यांचा एक ठरलेला शब्द होता: "थांब, पाहू दे." पोरीला ताप आहे असं आई सांगे, सिस्टर म्हणत, "थांब, पाहू दे." भाजीवाला म्हणे वांगी ताजी आहेत, "थांब, पाहू दे." सरकारी पत्रात पुढच्या महिन्यात नवा वजनकाटा येणार असं लिहिलेलं असे, त्यावरही तेच. ऐकलेल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. डोळ्यांवर होता. आणि डोळ्यांचा सगळा भरवसा त्या बॅटरीवर होता.

बॅटरी दोन सेलची, स्टीलची, पिवळ्या बल्बची. गावाकडे आम्ही टॉर्चला बॅटरीच म्हणतो. तिच्या शेपटाला सलाइनच्या जुन्या नळीची विणलेली दोरी होती, आणि ती दोरी मनगटात असायची. काम झालं की सिस्टर मागचं झाकण उघडून एक सेल उलटा घालून ठेवत, म्हणजे पिशवीत बटन दाबलं गेलं तरी सेल उतरत नाहीत. सकाळी दोन्ही सेल कुंपणाच्या भिंतीवर उन्हात. या एका बॅटरीवर त्या घसा पाहत, कानातला खडा पाहत, थर्मामीटरचा पारा वाचत, सिरिंजवरच्या रेघा मोजत, बाळंतपणं करत, आणि पहाटे लसींचा डबा घ्यायला फाट्याकडे जाताना पायवाटेवरचे साप बाजूला करत.

माझं एक काम घरोघरी रांजण-माठात डासांच्या अळ्या आहेत का ते पाहण्याचं होतं. त्याला बॅटरी लागतेच. मी मागितली तर म्हणाल्या, "बॅटरी देत नसते. मी येते संगं." आणि खरंच आठवड्यातले दोन दिवस त्या माझ्याबरोबर घरोघरी हिंडत, मी रांजणात वाकलो की वरून उजेड पाडत आणि म्हणत, "दिसल्या का? नीट पाहा. त्या वळवळतात, तुमच्यासारख्या उभ्या राहत नाहीत."

मी एकदा म्हटलं, "सिस्टर, दोन बॅटऱ्या ठेवल्या तर बरं नाही का? एक घशाला, एक रस्त्याला."

"अन् लेकराचं डोकं बाहेर आलं की मी पिशवीत कोणती धुंडू? माह्या हाताले एकच ठाऊक पाहिजे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "हाताचं जाऊ द्या. डोळ्याचं सांगते. ह्या उजेडात घसा केवढा लाल असला म्हणजे दुखते, हे माह्ये डोळे शिकले आहेत. डोळ्याची बाहुली केवढी असली म्हणजे माणूस ठीक आहे, तेही. उजेड बदलला का पुन्हा पहिलीपासून शाळा. ह्या वयात कोण बसते?"

हे मला तेव्हा अडाणीपणाचं वाटलं. उजेड तो उजेड, असं माझं मत होतं.

नंतर एक गोष्ट घडली, आणि माझं मत जास्तच पक्कं झालं. गावातल्या एका बाळंतिणीचं मूल सिस्टर तिसऱ्या दिवशी पाहून आल्या होत्या. आतल्या खोलीत, बॅटरीवर. "चांगलं आहे, पितेही" असं त्यांनी रजिस्टरला लिहिलं. पाचव्या दिवशी मी त्या घरी अळ्या पाहायला गेलो तर आजीने बाळ अंगणात तेल लावायला घेतलं होतं. बाळ पिवळं होतं. डोळ्यांचा पांढरा भागसुद्धा पिवळा. मी धावत जाऊन सिस्टरना बोलावलं. त्यांनी मूल हातात घेतलं, उन्हात फिरवून पाहिलं, आणि त्याच पावली आईला आणि बाळाला घेऊन यवतमाळला गेल्या. बाळ वाचलं. सात दिवसांनी घरी आलं.

यवतमाळहून परत आल्या त्या दिवशी सिस्टरनी चहा घेतला नाही. स्वयंपाकातली हळद आणली, डाव्या तळहाताच्या अर्ध्या भागावर चोळली, तपासणीच्या खोलीचं दार लावलं आणि तळहातावर बॅटरी धरली.

"या इकडे बी.ए. कोण्या बाजूले हळद आहे, सांगा."

मी वाकून पाहिलं. मला सांगता येईना. पिवळ्या उजेडात अख्खा हातच पिवळा होता.

"मले बी नाही दिसत," त्या म्हणाल्या. बॅटरी विझवली. "पंचवीस वर्षं झाली. कितीक लेकरं अशी पाह्यली असतील मी, अन् चांगलं आहे म्हणून लिहिलं असेल."

मी म्हटलं, "आता तरी पांढऱ्या उजेडाची घ्या."

"थांबा," त्या म्हणाल्या. "आजपासून लेकरू उन्हात पाहायचं. बाकीचं बॅटरीवर." त्यांच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या नाही.

पुढे दोन महिन्यांनी बॅटरी एका घरच्या रांजणात पडली. कोणाच्या हातून, यावर आमचं कधी एकमत झालं नाही. बाहेर काढली, पुसली, दोन दिवस वाळवली, पण बटनाखालची पट्टी गंजली ती गंजलीच. बाजाराच्या दिवशी आम्ही दारव्ह्याला हमीदभाईंच्या दुकानात गेलो. हमीदभाई बॅटऱ्या, स्टोव्ह, गॅसबत्त्या दुरुस्त करत आणि विकतही. त्यांनी बॅटरी उघडली, नाकाजवळ नेली, पुन्हा मिटली.

"सिस्टर, इसका काम हो गया. ही पट्टी आता भेटत नाही. कंपनीच बंद पडली. नवी घ्या."

"दाखवा."

हमीदभाईंनी काउंटरवर सात-आठ बॅटऱ्या मांडल्या. सिस्टर म्हणाल्या, "शटर पाडा."

"काय?"

"भर दुपारी बॅटरी कशी पाहू? शटर पाडा."

दुपारी एक वाजता, ऐन बाजारात, हमीदभाईंनी शटर पाडलं. आम्ही तिघं आत, अंधारात, उकाड्यात. बाहेरून कोणीतरी शटर वाजवून ओरडलं, "हमीदभाई, नमाजले बसले का बंद केलं?" सिस्टरनी पहिली बॅटरी उचलली आणि म्हणाल्या, "तोंड उघडा."

"माझं?"

"मग काय बी.ए.चं? त्याचं रोजच पाहते."

हमीदभाईंनी तोंड उघडलं. एकेक बॅटरी त्यांच्या घशात, डोळ्यांत, नखांवर, तळहातावर फिरली. मग थर्मामीटर, मग सिरिंज. तिसऱ्या बॅटरीला हमीदभाई म्हणाले, "बाई, सामान घ्यायले आल्या का माह्यी तपासणी करायले?" चौथ्या बॅटरीला सिस्टर थांबल्या. हमीदभाईंच्या गालाच्या आतून बोट फिरवलं. "हा पांढरा डाग कधीपासून आहे? खर्रा कोण्या गालात धरता?" हमीदभाईंनी बोटाने तोच गाल दाखवला. "यवतमाळले दाखवून या. ह्या महिन्यात. मी पुढच्या बाजाराले विचारीन." बॅटरी विकणाऱ्या माणसाचा चेहरा त्या अंधारात कसा झाला असेल, ते मला दिसलं नाही. (ते दाखवून आले. काही गंभीर निघालं नाही, पण तंबाखू-सुपारीचा तो खर्रा सुटला.)

शेवटी दोन उरल्या. एक जुन्यासारखीच, पिवळ्या बल्बची. दुसरी तेव्हा नुकतीच बाजारात आलेली, बारीक एलईडी दाण्यांची, पांढऱ्या उजेडाची. सिस्टर एक उचलत, ठेवत, दुसरी उचलत. आमच्या परतीच्या दोन जीपा निघून गेल्या.

"दोनी घेऊन जा ना," हमीदभाई म्हणाले.

"एकच पाहिजे."

"मग पिवळी घ्या. सवयीची आहे."

तेव्हा मी मध्ये बोललो. बोललो नसतो तर बरं झालं असतं का, ते मला अजून कळलेलं नाही. "सिस्टर, पांढऱ्यात खरा रंग दिसतो. त्या बाळाचं आठवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडल्या नाहीत. थकल्यासारख्या दिसल्या. "शिकलेलं माणूस म्हणते तर तसंच असन," म्हणाल्या, आणि पांढरी घेतली. जुन्या बॅटरीची नळीची दोरी काढून नवीला बांधली.

पहिल्या महिन्यात वेगळाच गोंधळ झाला. गरोदर बायांच्या पापण्या खाली ओढून सिस्टर रक्त कमी आहे का ते पाहत. नव्या उजेडात सगळ्यांच्याच पापण्या फिक्या दिसायला लागल्या. अख्ख्या आळीला लोहाच्या गोळ्या दुप्पट लिहिल्या गेल्या. बाया कुरकुरू लागल्या, गोळ्यांनी पोट दुखतं म्हणून. एकीने स्पष्ट विचारलं, "काहो बाई, मागच्या खेपेले तं मी लालबुंद होती म्हणे. पंधरा दिसात असं काय झालं?"

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "अवो बी.ए., तुमच्या उजेडात सारं गाव पांढरं पडलं." सगळ्या हसल्या. मीही हसलो. त्या मात्र रात्रीच्या जेवणाआधी मला, शेजारणीला, तिच्या दोन्ही पोरींना रांगेत बसवून पापण्या ओढून पाहत. "पुन्हा पहिलीपासून शाळा," असं पुटपुटत. मला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत शिकतील. त्या शिकतही होत्या.

सप्टेंबरात फवारणी जोरात होती. बोंडअळी आली की लोक मिळेल ते औषध मिळेल त्यात मिसळून मारत. संध्याकाळचे पाच वाजले असतील. आभाळ भरून आलेलं, लाइट नाही, खोलीत अंधार. दोन मजूर आले. देविदास आणि मारोती. एकाच्या शेतात दिवसभर फवारणी करून आलेले. देविदास पाठीवर पंप घेऊन फवारत होता, मारोती ड्रमात औषध मिसळून देत होता. देविदासला घाम सुटला होता, दोनदा ओकला होता. मारोती त्याला धरून घेऊन आला होता, आणि त्याला बाकावर बसवून स्वतः उंबऱ्यात टेकला होता.

फवारणीचं विष अंगात गेलं की डोळ्याची बाहुली आकसते, मोहरीएवढी होते, हे सिस्टरनी मला शिकवलं होतं. त्यांनी देविदासच्या डोळ्यात बॅटरी धरली. "मोहरी," म्हणाल्या. मग मारोतीकडे वळल्या. "तुले काय होते?"

"मले काई नाही बाई. डोकं दुखून राह्यलं जरासं. दिवसभर उन्हात होतो ना."

"थांब, पाहू दे." पाहिलं. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "ह्याची बी मोहरी." मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बॅटरी माझ्या डोळ्यावर मारली. माझे डोळे दिपले. "अन् तुमची बी मोहरी," त्या म्हणाल्या.

भिंतीवरच्या छोट्या आरशात त्यांनी स्वतःच्या डोळ्यात बॅटरी धरली. तिथेही तेच. त्या उजेडापुढे कोणाचीही बाहुली आकसत होती. जुन्या बॅटरीच्या मंद उजेडात पंचवीस वर्षं जी मोहरी विषाची खूण होती, ती या उजेडात काहीच सांगत नव्हती.

त्यांनी पदराचं टोक घेतलं, चार पदरी करून बॅटरीच्या तोंडावर धरलं. उजेड मऊ झाला. माझी बाहुली मोठी झालेली त्यांना दिसली. देविदासची मोठी झाली नाही. त्याचं नक्की झालं. मारोतीच्या डोळ्यात त्यांनी खूप वेळ पाहिलं. पदराची एक घडी कमी केली, पुन्हा वाढवली. दुसरा डोळा पाहिला. मी त्यांच्या मागे उभा होतो. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"बारीक आहे," त्या म्हणाल्या. मग, "नाही. होते मोठी. थोडी." मग बॅटरी खाली घेतली.

बाहेर काळीपिवळी जीपवाला भोंगा वाजवत होता. जीपमध्ये जागा होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर गावात म्हणत की जागा नव्हती म्हणून राहिला. जागा होती. मारोती स्वतःच उठला. "मी कायले येऊ बाई? घरी बकऱ्या सोडलेल्या आहेत. देविदासले न्या." सिस्टरनी त्याला सांगितलं, साबणाने अंघोळ कर, कपडे बदल, ओकारी आली की तसाच ये. त्याने मान हलवली, दाराशी ठेवलेला मालकाचा पंप खांद्याला लावला आणि गेला. सिस्टर देविदासला घेऊन यवतमाळला गेल्या आणि पहाटेच्या गाडीने परत आल्या.

सकाळी मारोतीची बायको सुमन ओरडत आली. मारोतीच्या तोंडाला फेस होता. दारव्ह्याला पोचायच्या आधी वाटेतच तो गेला.

देविदास आठ दिवसांनी चालत घरी आला.

मारोतीच्या घरी पंप होता, आणि पंपाशेजारी औषधाची बाटली, अर्धी. ती बाटली आधीच अर्धी होती की नव्हती, कोणाला ठाऊक नव्हतं. आणि त्या वर्षांत आमच्या भागात एखादा असा गेला की लोक आधी तेच विचारत: त्यानं घेतलं का? अशा बातम्या इतक्या झाल्या होत्या की दुसरं काही सुचायचंच नाही. घेतलं असेल तर का, हेही लोकांनी ठरवून टाकलं. आदल्या आठवड्यात तो भावाशी भांडला होता म्हणे. भांडला होता, हे खरं. पण भावाशी कोण भांडत नाही?

म्हणजे सगळं सिस्टरनी संध्याकाळी पाच वाजता काय पाहिलं यावर आलं. बाहुली बारीक होती असं त्या म्हणाल्या, तर विष फवारणीतच लागलेलं होतं, आणि लागलेलं दिसत असून त्यांनी त्याला घरी जाऊ दिलं. बाहुली ठीक होती असं म्हणाल्या, तर त्यांची काही चूक नाही, पण मग मारोतीने घरी जाऊन औषध घेतलं.

मोठ्या दवाखान्याचे डॉक्टरसाहेब मोटारसायकलवर येऊन गेले. चांगले माणूस होते, सिस्टरची काळजी होती त्यांना. "बाहुल्या नॉर्मल होत्या, एवढंच लिहा," ते म्हणाले. "विषय संपतो. तुमची नोकरीची आठ वर्षं उरली आहेत." मारोतीचा भाऊ आला. तो म्हणाला, "बाई, लिहा का फवारणीतच लागलं. नाही तं पोराइले जन्मभर ऐकावं लागन." सिस्टरनी दोघांनाही चहा दिला, दोघांनाही हो म्हटलं नाही.

मग सुमन आली. एकटी. दारात बसली. तिला खुर्ची दिली तर नको म्हणाली.

"बाई, मले कागदाचं काई घेणंदेणं नाही. मले फक्त सांगा, त्यायले लागलं का त्यायनं घेतलं?"

सिस्टर तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"सुमन, मले नाही सांगता येत."

"तुमी त्यायच्या डोळ्यात पाह्यलं होतं ना?"

"पाह्यलं होतं."

"मंग?"

"पाह्यलं होतं, पण समजलं नाही."

"रातच्याले ते चांगले बोलले माह्यासंगं," सुमन म्हणाली. "बकरीचं पिल्लू लंगडते म्हणे, उद्या पाहू म्हणे. उद्या पाहू म्हणणारा माणूस घेते का, बाई?"

मग सुमनच म्हणाली, "घेतेही असन. मी काय जाणो." आणि उठून गेली. त्या दोघींपैकी कोणीही रडलं नाही. मी आत रजिस्टर उघडून बसलो होतो आणि त्यातलं एक अक्षर मला दिसत नव्हतं.

पुढचे आठ-दहा दिवस सिस्टर संध्याकाळी पाच वाजता दार लावून मला समोर बसवत आणि डोळ्यात पाहत. पदर दुपदरी, तिपदरी, चौपदरी. वहीत काहीतरी लिहून ठेवत. एकदा मी विचारलं, "सिस्टर, आता समजतं का?"

"आता चांगलं समजते," त्या म्हणाल्या. "चौपदरी धरलं का बरोबर समजते. पण आता समजून राह्यलं ते त्या दिशी दिसलं होतं का, हे कसं पाहू? ते डोळे कुठून आणू?"

मी म्हटलं, "चूक माझी आहे. पांढरी घ्या असं मी म्हटलं होतं."

"पिवळी असती तं मले समजलं असतं, असं म्हणता?" त्या म्हणाल्या. "पिवळीवर मले हळद नाही दिसली, बी.ए." हे त्या मला सोडवण्यासाठी म्हणाल्या की खरंच त्यांचं तसं मत होतं, हे मी पुढे कितीदा तरी घोळवलं. दोन्ही वाटतं.

चौकशीला साहेब आले तेव्हा सिस्टरनी एका पानावर लिहून दिलं. मी ते वाचलं आहे. लिहिलं होतं की देविदास याच्या बाहुल्या आकसलेल्या होत्या. मारोती याच्या बाहुल्या मी दोन्ही डोळ्यांत पाहिल्या, पण बॅटरी नवी असल्याने त्या आकसलेल्या होत्या किंवा कसे, हे मला सांगता आले नाही. सांगता आले नाही तेव्हा त्याला पाठवायला हवे होते. मी पाठवले नाही.

साहेब वैतागले. "अहो बाई, हो किंवा नाही असं काहीतरी लिहा. मी वर काय पाठवू?"

"हेच पाठवा," सिस्टर म्हणाल्या.

साहेबांनी मला बाजूला घेऊन तो प्रश्न विचारला. बाई कामाला कशा आहेत? मी म्हटलं, फार चांगल्या. ते म्हणाले, चांगल्या असत्या तर त्यांना समजलं नसतं का? त्यांनी माझी पदवी विचारली, लिहून घेतली आणि गेले.

कागदावर शेवटी काय ठरलं, ते आम्हाला कोणी कळवलं नाही. गावाने मात्र आपलं आपण ठरवून टाकलं, अर्ध्यांनी एक आणि अर्ध्यांनी दुसरं. सिस्टरना नोटीस आली आणि दिवाळीनंतर पांढरकवड्याकडे बदली झाली. जाताना त्या सुमनच्या घरी गेल्या होत्या, एवढं मला ठाऊक आहे. काय बोलल्या, ते नाही.

पुढच्या वर्षी फवारणीच्याच दिवसांत माझं पांढरकवड्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी हायवेवर चहा प्यायला आलो तर जीपथांब्यावर आवाज ऐकू आला. ओळखीचा. प्रमिला सिस्टर एका जीपच्या दाराशी उभ्या होत्या आणि पाच मजुरांना आत चढवत होत्या. पाचहीजण फवारणीच्या कपड्यांत, अंगाला औषधाचा वास. आणि पाचहीजण कुरकुरत होते.

"बाई, मले काईच नाही झालं!"

"चढ."

"अर्ध्या दिसाची मजुरी गेली ना, बाई!"

"जाऊ दे. सरक आत."

"ह्या लच्छूले ओकाऱ्या झाल्या, आमाले कायले नेता? पाहा ना डोळ्यात, पाहा!" त्या पोरसवदा माणसाने गमतीत दोन्ही डोळे बोटांनी फाडून दाखवले. बाकीचे हसले.

सिस्टरनी त्याच्या डोळ्यात पाहिलं नाही. "एकाले झालं का सगळेच जायचं," त्या म्हणाल्या. "माह्या इथं असंच आहे."

मी पुढे गेलो. त्यांनी मला ओळखलं, हसल्या, "अरे बी.ए.!" म्हणाल्या. केस बरेच पिकले होते. माझी नोकरी, आईची तब्येत, लग्न जमलं का, सगळं एका दमात विचारलं. मी त्यांना विचारलं, "सिस्टर, लच्छू सोडून यांच्यापैकी खरं कोणाला झालं आहे?"

"मले काय माहीत," त्या म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. "चाल रे, यवतमाळ. मधात कोठी थांबू नको."

जीप निघाली तेव्हा मागच्या उघड्या बाजूने मला ते पाचहीजण दिसत होते. चौघं हसत होते, एकमेकांना ढकलत होते. पाचवा गप्प बसून रस्त्याकडे पाहत होता. यालाच झालं असेल, असं मला वाटलं. इतक्यात तोच काहीतरी बोलला आणि सगळ्यांत मोठ्याने हसला, आणि शेजारच्याने हसता हसता डोकं गुडघ्यावर टेकलं. ते हसण्याने की कशाने, हे पाहायला मी दोन पावलं पुढे धावलो. जीप लांब गेली होती.